कलिंगड पारखावं कसं, कापावं कसं आणि सालीपर्यंत संपवावं कसं

आंबा कच्चा निघाला तर अढीत घालता येतो. केळी, चिकू, पपई चार दिवस घरात राहिली की पिकतात. कलिंगडाला ही सोय नाही. वेलीवरून तोडलं की त्यातली साखर वाढायची थांबते. आठवडाभर घरात ठेवलंत तर आतला रंग थोडा चढेल, गर थोडा मऊ पडेल, पण कच्चं तोडलेलं फळ गोड होणार नाही.

म्हणून बाजारात आपल्याला एकच गोष्ट शोधायची असते: हे फळ पूर्ण पिकेपर्यंत वेलीवर राहिलं होतं का? याचा पुरावा फळाच्या अंगावरच असतो. जमिनीला टेकलेल्या बाजूवर असतो, देठापाशी असतो, सालीच्या चकाकीत असतो. आपण बहुतेक जण मात्र ढिगातलं एक फळ उचलतो, टिचकी मारतो आणि विक्रेत्याच्या तोंडाकडे बघतो. टिचकी उपयोगाची आहेच, पण तिची पाळी सर्वांत शेवटी.

आधी हंगाम बघा

महाराष्ट्रात कलिंगडाची मुख्य लागवड डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत होते. जातीप्रमाणे साधारण ६५ ते ९० दिवसांत फळं तोडणीला येतात, म्हणजे खरा भर मार्च ते मे. कोकणात भात कापल्यावर त्याच जमिनीत लावलेली कलिंगडं त्याआधीच, फेब्रुवारीपासून मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला मांडलेली दिसतात. पूर्वी पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की नदीच्या पात्रात, वाळूत खड्डे करून, शेणखत घालून वेल लावत. विदर्भात या वाड्यांना डांगरवाड्या म्हणतात. धरणं झाली, वाळूचा उपसा वाढला आणि हे पात्रातलं पीक बरंच आक्रसलं. तुमच्या भागात नदीकाठचं कलिंगड अजून मिळत असेल तर ते जरूर घ्या.

वाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आणि ठिबकमुळे आता कलिंगड जवळजवळ वर्षभर मिळतं. पण या पिकाला ऊन लागतं. कोरडी हवा, तापलेले दिवस आणि तोडणीच्या आधी काही दिवस हात आखडून दिलेलं पाणी, एवढं जमलं की साखर भरते. थंडीत वाढलेलं फळ बहुधा बेताचंच गोड निघतं. म्हणून जानेवारीत चढ्या भावाने कलिंगड घेण्यापेक्षा होळीपर्यंत थांबावं असं मी म्हणेन. अवकाळी पाऊस झाल्यावरही आठ-दहा दिवस हात राखून घ्या. तोडणीच्या तोंडावर पाणी जास्त मिळालं की गोडी पातळ होते आणि फळं तडकतात.

रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला की मागणी एकदम वाढते, भाव चढतो आणि थोडं आधीच तोडलेलं फळ बाजारात जास्त येतं. अशा दिवसांत पुढच्या खुणा दुप्पट बारकाईने बघाव्यात.

शेतकरी कसं ओळखतो

ग्राहकाच्या सगळ्या युक्त्या शेतातूनच आलेल्या आहेत, त्यामुळे तोडणी करणारा माणूस काय पाहतो हे आधी समजून घेऊ.

फळ वेलीच्या ज्या पेरावर लागलेलं असतं, त्याच पेरावर एक कुरळी, तारेसारखी बाळी असते. फळ कोवळं असताना ती हिरवी आणि लवचिक असते. फळ पिकत आलं की ती टोकाकडून तपकिरी व्हायला लागते. टोकच वाळलं असेल तर थांबायचं. अर्धी वाळली असेल तर आणखी काही दिवस. पार बुडापर्यंत वाळून हाताला कडक लागली की फळ तयार. तोडणारा रांगेतून वाकून जाताना आधी ही बाळी बघतो, मग फळ किंचित कलतं करून त्याचं पोट, म्हणजे जमिनीला टेकलेली बाजू, बघतो आणि मगच देठावर विळा लावतो. कोवळ्या फळाच्या देठावर बारीक लव असते. तीही फळ पिकेपर्यंत झडून जाते.

याशिवाय दिवसांचा हिशेब असतो. मादी फुलात परागीभवन झाल्यापासून साधारण ३० ते ४० दिवसांत फळ पिकतं. लहान फळांच्या जाती लवकर, मोठ्या फळांच्या उशिरा. जाणकार शेतकरी तोडा सुरू करायच्या आधी दोन-तीन फळं कापून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून बघतात. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, १० च्या वर असलं तर फळ चांगलं, १२ च्या आसपास गेलं तर उत्तम.

एका वेलीवरची फळं एकदम पिकत नाहीत. पण व्यापाऱ्याची गाडी एकदाच येते, वाहतूक परवडायला ती भरावी लागते, आणि मग शेवटची काही फळं पोट न बघताच गाडीत चढतात. आपल्याला ढिगातून वगळायची असतात ती हीच.

ढिगासमोर उभं राहिल्यावर

पोटापासून सुरुवात करा. कलिंगड उचला आणि सर्व बाजूंनी फिरवा. एका बाजूला फिकट डाग दिसेल. त्या बाजूने ते जमिनीवर टेकलेलं होतं, तिथे ऊन पोचलं नाही. फळ कच्चं असताना हा डाग पांढरा किंवा पांढरट हिरवा असतो. पिकत जाताना तो सायीच्या रंगावर येतो आणि पूर्ण पिकल्यावर तुपासारखा पिवळा होतो. सगळ्या खुणांमध्ये मी हिच्यावर सर्वांत जास्त विसंबतो, कारण ही तोडणीनंतर सहज बदलत नाही आणि तिच्यात कुणाला लबाडी करता येत नाही. डाग मोठा की लहान याला फार महत्त्व देऊ नका, रंग बघा. पांढराफटक डाग असलेलं फळ विक्रेता कितीही आग्रह करो, परत ठेवा. डाग अजिबात सापडत नसेल तरी परत ठेवा. शुगर बेबीसारख्या गोल, काळपट हिरव्या किंवा किरणसारख्या लांबट, गडद जातींवर हा डाग लगेच उठून दिसतो. फिकट हिरव्यावर गडद पट्टे असलेल्या जातींवर तो जरा शोधावा लागतो, म्हणून फळ उजेडात धरा. हल्ली सालच पिवळी असलेली कलिंगडंही येतात. त्यांच्या बाबतीत ही खूण चालत नाही, तिथे वजन आणि आवाज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मग वजन. कलिंगडात ९१ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एकाच आकाराची दोन फळं दोन्ही हातांत घ्या. जे जड लागेल ते घ्या. हलकं लागणारं फळ एक तर जुनं असून सुकत चाललेलं असतं, नाही तर आतून पोकळ असतं. लहान फळाची मोठ्याशी तुलना करून उपयोग नाही. जात एक, आकार एक, मगच वजनाला अर्थ आहे.

आकारही काही सांगतो. कलिंगडाचं परागीभवन मधमाश्या करतात. मादी फुलावर पुरेशा वेळा मधमाशी बसली नाही की परागकण कमी पडतात, एका बाजूला बी नीट धरत नाही आणि फळ तिथे खपाटतं. एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळं, किंवा मध्येच दबलेलं फळ म्हणून टाळा. गोल असेल तर सगळीकडून गोल असावं, लांबट असेल तर दोन्ही टोकं सारखी भरलेली असावीत. मोठं म्हणजे गोड असं काही नाही. चार माणसांच्या घराला तीन-चार किलोचं फळ पुरतं. त्यातला साधारण तिसरा हिस्सा सालीत जातो, उरलेलं एक-दोन वेळेला संपतं आणि फ्रिजमध्ये तीन दिवस कोमेजत पडत नाही.

चकाकीच्या बाबतीत आपली खरेदीची सवय आड येते. टोमॅटो, वांगी, सफरचंद आपण चकचकीत बघून घेतो. कलिंगड मात्र पिकलं की मंद, निस्तेज दिसतं. तेल लावल्यासारखी तुकतुकीत साल असेल तर फळ बहुधा कोवळं आहे. विक्रेते फडक्याने पुसून फळ मांडतात, तेव्हा नुसत्या धुळीच्या अभावाला चकाकी समजू नका. बाजूला नेऊन तिरप्या उजेडात बघा.

देठाबद्दल सल्ले फार फिरतात. 'वाळलेला देठ म्हणजे पिकलेलं फळ' हे अर्धंच खरं आहे. तोडल्यावर देठ वाळणारच. म्हणजे कोरडा, तपकिरी देठ फळ पिकल्याचं जितकं सांगतो, तितकंच ते तोडून बरेच दिवस झाल्याचंही सांगतो. हिरवागार, रसरशीत देठ हे फळ ताजं असल्याचं लक्षण, पिकल्याचं नव्हे. देठासोबत वेलीचा तुकडा आणि बाळी आलेली असेल तर मात्र नशीब समजा. देठ अजून हिरवट आणि बाळी मात्र कडक वाळलेली, असं फळ दिसलं तर पुढचं काही न बघता घ्या. ते वेलीवर पिकलं आणि नुकतंच तोडलं गेलं. शेताच्या बांधावर, रस्त्याकडेच्या मांडवात असे तुकडे पुष्कळदा शिल्लक असतात. तिथे 'कधी तोडलं?' हा प्रश्नही विचारावा. शेतकरी स्वतः विकत असेल तर सरळ उत्तर देतो. देठाच्या जागी ओला, मऊ खड्डा किंवा काळपट कड दिसली तर सड सुरू झालेली आहे.

आता टिचकी

आवाजाची पारख खरी आहे, फक्त ती करायची पद्धत चुकते. फळ जमिनीवर किंवा ढिगात असताना वाजवलं तर खालच्या फळांचा आवाज त्यात मिसळतो. डाव्या तळहातावर फळ तोलून धरा, कानाजवळ आणा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने मध्यभागी टिचकी मारा किंवा बोटाच्या पेराने ठोका. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक कानाला येणारा आवाज, दुसरी खालच्या तळहाताला जाणवणारी थरथर.

कच्च्या फळाचा गर घट्ट असतो, म्हणून आवाज टणटण, उंच, धातूवर मारल्यासारखा येतो. पिकलेल्या फळाचा आवाज बदबद, खोल आणि भरीव येतो आणि ठोक्याची थरथर तळहातापर्यंत स्पष्ट पोचते. फार पिकलेलं किंवा आतून मऊ झालेलं फळ मात्र भद्द करून गप्प बसतं. त्यात थरथर पोचतच नाही. टणटण आणि भद्द या दोन टोकांच्या मधला आवाज आपल्याला हवा असतो.

एकट्या फळाच्या आवाजावरून काही ठरवू नका. जाड सालीचं फळ पिकलेलं असूनही दबका आवाज देतं, पातळ सालीचं लहान फळ पिकलं तरी जरा उंच वाजतं. म्हणून एकाच जातीची, सारख्या आकाराची आणि पोटाच्या परीक्षेत उतरलेली तीन-चार फळं बाजूला काढा आणि ती एकामागून एक वाजवा. फरक लगेच कळतो. कान तयार व्हायला एक हंगाम पुरतो.

तळहातांमध्ये दाबून 'करकर' आवाज ऐकायची पद्धत काही ठिकाणी आहे. आवाज येतो हे खरं, पण तो आतला गर तुटण्याचा असतो. आपण ते फळ घेतलं नाही तर पुढच्या माणसाला आतून दबलेलं फळ मिळतं. म्हणून ही पद्धत वापरू नये.

काही विक्रेते त्रिकोणी काप काढून आतला रंग दाखवतात. त्या सुरीवर, तिला पुसणाऱ्या फडक्यावर आणि रस्त्याच्या धुळीवर आपला ताबा नसतो. शिवाय लाल रंग म्हणजे गोडी नव्हे. शेवटच्या काही दिवसांत साखर भरायच्या आधीच गर लाल झालेला असू शकतो. काप काढून घेतलाच तर ते फळ घरी गेल्या गेल्या कापून फ्रिजमध्ये ठेवा.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं

लांबट कलिंगड 'नर' आणि गोल ते 'मादी', मादी जास्त गोड, असं चित्रांसकट पसरवलं जातं. कलिंगडाच्या वेलीवर नर फुलं आणि मादी फुलं वेगळी असतात हे खरं. पण फळ फक्त मादी फुलाचंच होतं, नर फूल गळून पडतं. गोल की लांबट हे जातीवर ठरतं. गोल शुगर बेबी फिकी निघू शकते आणि लांबट फळ मधासारखं गोड निघू शकतं.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. दर उन्हाळ्यात कुणीतरी सांगतं की कलिंगडात रंग किंवा साखरेचं पाणी सुईने भरतात. सालीला भोक पडलं की तिथून रस पाझरतो, बुरशी धरते आणि उन्हाळ्यात फळ लवकर नासतं. शिवाय सुईने आत सोडलेला रंग सगळ्या गरात सारखा पसरत नाही. गाडीभर फळांना सुया टोचत बसणं कुणालाही परवडणारं नाही. कलिंगडाचा लाल रंग लायकोपीन या त्याच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा असतो. टोमॅटोतही तेच असतं. तरीही शंका आली तर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सुचवलेली साधी चाचणी आहे: कापलेल्या गरावर कापसाचा बोळा घासा. बोळा ठळक लाल झाला तर एरिथ्रोसिनसारखा कृत्रिम रंग असण्याची शक्यता असते. भेसळीची जास्त शक्यता अख्ख्या फळात नसते. ती आधीच कापून ठेवलेल्या फोडींत आणि रस्त्यावरच्या रसात असते. अशा बोलण्याचा फटका शेवटी शेतकऱ्याला बसतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तमिळनाडूत कलिंगडात रंग घालतात अशी चर्चा झाली, गिऱ्हाईक तुटलं आणि ऐन तोडणीत उत्पादकांचे भाव पडले. तीन महिने वेलींना जपलेल्या माणसाचं ते नुकसान होतं. पुढे आलेला असा संदेश आणखी चार जणांना पाठवण्याआधी याचा विचार करावा.

तिसरी शंका फळ कापल्यावर येते. मध्ये तीन फाटे पडून पोकळी झालेली दिसली की लोक ते औषध मारलेलं समजून टाकून देतात. परागीभवन अपुरं झालं, थंडी पडली किंवा नंतर पाणी आणि खत एकदम वाढलं की गर असा फाटतो. असं फळ खायला काहीच हरकत नाही. पोकळीच्या कडेचा गर पुष्कळदा चांगला गोड असतो.

घरी आणल्यावर

न कापलेलं कलिंगड फ्रिजमध्ये कोंबायची गरज नाही. सावलीत, वारा लागेल अशा जागी, गोणपाटावर किंवा कापडावर ठेवलं की ते आठवडाभर सहज राहतं. फार थंडीत जास्त दिवस ठेवलं तर उलट सालीवर खड्डे पडतात आणि चव उतरते. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की २१ अंशांच्या आसपास ठेवलेल्या कलिंगडात तोडणीनंतरही लायकोपीन वाढतं, फ्रिजमधल्या फळात मात्र ते फारसं वाढत नाही. साखर तेवढीच राहते. आपल्या मे महिन्यातली खोली २१ अंशांची नसते हे लक्षात घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात चार दिवसांच्या आत कापलेलं बरं. सफरचंद, केळी, आंबे यांच्या शेजारी कलिंगड ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गर लवकर पिठूळ होतो.

कापायच्या आधी साल वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. साल खायची नाही तर धुवायची कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण फळ जमिनीवर वाढलेलं असतं, शेणखताच्या सान्निध्यात, नंतर गाडीत, मंडईच्या फरशीवर पडलेलं असतं. सुरी सालीतून गरात जाते तेव्हा सालीवरचं सगळं आत नेते. आणि कलिंगडात आंबटपणा जवळपास नसल्याने जंतूंना तिथे वाढायला काही अडसर राहत नाही. लिंबा-संत्र्यासारखं हे फळ स्वतःचं रक्षण करत नाही. म्हणूनच कापलेल्या फोडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. फ्रिजमध्ये झाकणाच्या डब्यात त्या तीन दिवस चांगल्या राहतात. बाजारात प्लॅस्टिक लावून, बर्फाच्या लादीवर ठेवलेल्या अर्धुकांच्या वाटेला जाऊ नका.

फळ थंड हवं असेल तर खाण्याआधी तासभर फ्रिजमध्ये पुरतं. अगदी गारठलेल्या फोडीत जिभेला गोडी कमी जाणवते. फ्रिज नसेल तिथे बादलीभर पाण्यात बुडवून वर ओलं गोणपाट टाकायची जुनी रीत अजूनही उत्तम चालते.

कापायची रीत

कलिंगडाची सर्वांत गोड जागा म्हणजे मधला गाभा. सालीकडे जावं तशी गोडी उतरत जाते. म्हणून चौकोनी तुकड्यांचा ढीग केला की एकाला सगळा गाभा मिळतो आणि एकाला सगळी कड. घरात माणसं जास्त असतील, मुलं असतील, तर फळ देठापासून टोकापर्यंत उभं दोन भागांत कापा. प्रत्येक अर्धुकाच्या पुन्हा उभ्या, होडीच्या आकाराच्या फोडी करा. अशा प्रत्येक फोडीच्या माथ्यावर गाभ्याचा तुकडा येतो आणि वाटणीवरून भांडण होत नाही.

बिया काढायच्या असतील तर कलिंगडाची कापलेली बाजू बघा, त्या गरात सगळीकडे विखुरलेल्या नसतात. गाभा आणि कड यांच्या मधल्या पट्ट्यात त्या रांगेने असतात. होडीच्या फोडीत ही रांग दिसली की तिच्यावरून सुरी चालवून वरचा गाभा आधी उचलून घ्या. उघड्या पडलेल्या बिया काट्याने खरवडून काढा आणि मग सालीलगतचा भाग सोडवा. दोन मिनिटांत बिनबियांचा गर तयार होतो.

खाताना

चांगलं पिकलेलं कलिंगड नुसतंच खावं, त्याला काही लावू नये, असं माझं ठाम मत आहे. जरा फिकं निघालं तर मात्र चिमूटभर सैंधव किंवा काळं मीठ आणि मिरपूड टाका. मीठ कडवटपणा दाबतं आणि आहे ती गोडी वर येते. लिंबाचे चार थेंब आणि चुरलेला पुदिना टाकला की फिकं फळही सुधारतं.

रस काढायचा तर आधी बिया काढा. बियांसकट मिक्सर फिरवला की त्या फुटतात आणि रस तुरट लागतो. पाणी घालायचं नाही, साखर घालायची नाही, मिक्सर थांबत-थांबत दोन-तीनदाच फिरवायचा. त्यात भिजवलेला सब्जा घाला. रस केल्या केल्या प्या. अर्ध्या तासात पाणी खाली आणि चोथा वर होतो आणि चवही बदलते. रसाचे गोळे बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवले तर दुसऱ्या दिवशीच्या लिंबू सरबतात साध्या बर्फाऐवजी टाकता येतात.

१०० ग्रॅम कलिंगडातून सुमारे ३० कॅलरी मिळतात, म्हणून पोटभर खाल्लं तरी शरीरावर भार पडत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र वाटी मोजून घ्यावी. एका वाटीत साखर फार नसते, पण ती रक्तात पटकन उतरते आणि कलिंगड एका वाटीवर थांबत नाही हीच खरी अडचण. त्यांनी रसाऐवजी फोडीच खाव्यात. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी आणि पोटॅशियम मोजून घ्यावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

पहिली फोड तोंडात टाकल्यावर कडू लागली तर ते कलिंगड खाऊ नका. कडू दुधीत असतात तसलीच, काकडीवर्गीय पिकांत सापडणारी विषारी द्रव्यं त्यामागे असू शकतात. आंबूस वास, जिभेवर चुरचुर, तड्यातून येणारा फेस, यांपैकी काहीही दिसलं तरी फळ टाका. तेवढा भाग कापून बाकीचं वाचवण्याच्या फंदात पडू नका.

साल आणि बिया

हिरवी साल आणि लाल गर यांच्या मधला पांढरा भाग टाकून देणं म्हणजे एक भाजी टाकून देणं आहे. तो दुधीच्या अगदी जवळचा आहे, कुळानेही आणि चवीनेही. गर मुलांनी तोंडाने कुरतडून खाल्ला असेल तर तो भाग स्वयंपाकाला चालणार नाही, म्हणून फोडी करायच्या आधीच ठरवा आणि लाल गर सुरीने वेगळा काढा. मग वरची हिरवी साल सोलाण्याने पूर्ण सोलून टाका. ती चिवट असते.

भाजीसाठी पांढऱ्या भागाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी द्या, त्यात दोन तास भिजवलेली मूठभर चणाडाळ परता. फोडी घालून झाकण ठेवा, पाणी घालू नका, फोडींचं स्वतःचं भरपूर सुटतं. डाळ शिजली की मीठ, चिमूटभर गूळ आणि ओलं खोबरं घाला.

किनारपट्टीवर याचे पोळे करतात आणि ते मला भाजीपेक्षाही आवडतात. दोन वाट्या तांदूळ चार-पाच तास भिजवा. दोन वाट्या पांढऱ्या भागाचे तुकडे आणि अर्धी वाटी ओलं खोबरं यांच्यासोबत ते बारीक वाटा. वाटताना पाणी जवळपास लागतच नाही. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी मीठ घाला. बिडाच्या तव्यावर जाडसर घाला, पसरवू नका, झाकण ठेवून एकाच बाजूने शिजवा. वरून जाळी पडते आणि पोळे मऊ लुसलुशीत होतात. घाई असेल तर हाच भाग किसून थालिपीठाच्या भाजणीत घाला आणि पीठ त्याच पाण्यात मळा.

बियांतला मगज आपण बाजारातून चढ्या भावाने आणतो आणि घरच्या बिया केरात टाकतो. बिया चाळणीत चोळून धुवा, गराचा चिकटपणा पूर्ण जाऊ द्या, कापडावर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मंद आचेवर मीठपाण्याचा हबका मारून भाजल्या की टरफल दातांनी सोलून खाता येतात. नव्या जातींच्या बिया बारीक असतात, त्यांना हा खटाटोप परवडत नाही. मोठ्या, जाड बियांच्या फळासाठीच करा.

बियांवरून गोव्यातल्या पर्ऱ्याची आठवण होते. मनोहर पर्रीकर त्याच गावचे. ते भाषणांत सांगत की त्यांच्या लहानपणी गावातला एक शेतकरी मे महिन्यात मुलांना कलिंगड खायच्या स्पर्धेला बोलवायचा. मुलांना तो सर्वांत मोठी, सर्वांत चांगली कलिंगडं द्यायचा. अट एकच, बी चावायचं नाही, भांड्यात थुंकायचं. तेच बी पुढच्या वर्षी पेरलं जाई. पुढे मुलाने कारभार हाती घेतला, मोठी फळं बाजारात पाठवली आणि स्पर्धेला लहान फळं ठेवली. दर वर्षी बी लहान फळांचं पेरलं गेलं आणि काही वर्षांतच पर्ऱ्याच्या त्या नावाजलेल्या कलिंगडांचा आकार गेला.

परसात स्वतः बी लावून बघायचं असेल तर बाजारातल्या बहुतेक फळांचा उपयोग नाही. ती संकरित असतात आणि त्यांच्या बियांतून तसंच फळ येत नाही. शुगर बेबी किंवा अर्का माणिक यांसारख्या सरळ वाणाचं बी घ्या. अर्का माणिक बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेला वाण आहे. जानेवारीअखेरीस, थंडी ओसरायला लागल्यावर बी एक इंच खोल लावा, वेलीला सहा-सात फूट मोकळी जागा द्या, फुलं आल्यावर कुठलंही कीटकनाशक फवारू नका म्हणजे मधमाश्या येतील. फळ नारळाएवढं झालं की त्याच्याखाली वाळलेल्या पेंढ्याची गादी घाला. फूल धरल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीस दिवसांनंतर रोज सकाळी त्या पेरावरची बाळी बघायला सुरुवात करा.